रिकाम्या हातांनी मुंबईस

(आपल्या संघाच्या खर्डी येथील वार्षिक मेळाव्यात एका कारागीर बंधूंनी केलेले भाषण)



'कारागिराचे नित्याचे जीवन' या विषयावर चार शब्द बोलावे, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. मी व्याख्याता नव्हे. सारे आयुष्य चाकापुढे उकिडवे बसण्यात गेले. जिभेपेक्षा हात चालविण्याचीच सवय अधिक. तथापि आज्ञा मोडवत नाही, म्हणून अनुभवातील एकच गोष्ट आपणांपुढे ठेवतो. ती अशी की, कारागिराने शहरात केवळ माल विकावयास जाऊ नये. वर्षातून काही वेळा रिकाम्या हातांनी, केवळ पाहावयास जावे.

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांनी चाक फिरताना पाहिले असेल, पण फिरविले नसेल. त्यांच्याकरिता प्रथम कामाविषयी थोडे सांगतो. दिवाळी होऊन भाताची झोडणी आटोपली म्हणजे आमचा हंगाम सुरू होतो. माती आणावयाची, वाळवून फोडावयाची, चाळून भिजत घालावयाची आणि तीत राख व लीद मिसळून पायांनी तुडवावयाची. पायाला खडा लागेनासा झाला म्हणजे माती तयार झाली. मडक्याचा गळा व खांदा चाकावर उतरतो. पोट मात्र पुढे हातांनी वाढवावे लागते. मडके जरा आवळले की आतून गोळा धरून बाहेरून थापटण्याने थोपटावयाचे. हात एका लयीत पडला नाही तर पोट एकीकडे जाड व दुसरीकडे पातळ होते.

माठातील पाणी गार का होते? माठाच्या अंगावरील सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि ती जाताना उष्णता घेऊन जाते. म्हणून माठाची माती फार घट्ट करून चालत नाही आणि फार सैल करूनही चालत नाही. पावसाळ्यात हवाच ओली असल्यामुळे तोच माठ तितके गार करीत नाही. आव्याचेही तसेच. प्रथम मंद धग देऊन अंगातील ओल काढली नाही, तर भांडी फुटू लागतात आणि तो आवाज कुंभाराच्या काळजात वाजतो. आव्यात वारा खेळता राहिला तर भांडे लाल होते. कोंडून धूर जिरविला तर काळे. ही सारी विद्या आमच्या घरात कोणी कागदावर लिहून ठेवलेली नाही. ती हातांतून हातांत आली.

आता मुंबईविषयी. खर्डीपासून मुंबई शंभर किलोमीटरांहून थोडी अधिक. तानसा आणि भातसा ही धरणे आपल्या शहापूर तालुक्यातील. तानसाचे पाणी मुंबई १८९२ पासून पीत आली आहे. त्या पाण्यामागोमाग आम्हीही मुंबईस जात आलो. पेंढ्यात गुंडाळलेले माठ, पणत्यांच्या टोपल्या आणि कुंड्या घेऊन पहाटेची कसारा लोकल धरावयाची, लगेजच्या डब्यात माल सांभाळीत उभे राहावयाचे, दुकानी माल उतरवून पैसे मोजावयाचे आणि पुढची गाडी गाठावयाची. तीस वर्षे मी मुंबईस गेलो, परंतु मुंबई पाहिली नाही.

काही वर्षांपूर्वी एका दुकानदाराने कुंड्यांची मागणी दिली. माल घेऊन गेलो, तेव्हा त्याने साच्यातून काढलेली एक कुंडी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "तुमच्या दोन कुंड्या एकसारख्या नाहीत." माल नाकारला गेला. तो एका सोयऱ्याकडे ठेवून मी निघालो, तो घरी जाऊन चाक बंद करावयाचे असे मनाशी ठरवूनच. गाडीला अवकाश होता आणि ऊन मी म्हणत होते. सावलीसाठी भायखळ्यास उतरून राणीच्या बागेकडे गेलो. तेथेच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. ती इमारत १८७२ साली लोकांसाठी खुली झाली. काही हेतूने नव्हे, केवळ गारवा मिळेल म्हणून मी आत पाऊल टाकले.

आत काचेच्या कपाटांत मातीची माणसे उभी होती. निरनिराळ्या जातींची, निरनिराळ्या धंद्यांची, आपापल्या वेषांत. लहानशा आकृती, परंतु प्रत्येकीची मान वेगळी, उभे राहण्याची तऱ्हा वेगळी. माती सुकताना आकसते, हे आपण जाणतो. इतका बारीक हात आकसताना तडकला कसा नाही, या विचारातच माझी अर्धी घटका गेली. दुसऱ्या कपाटात मुंबईच्या कलाशाळेत १८७० नंतरच्या दशकात घडविलेली झिलईची भांडी होती. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८५७ साली निघालेली ती शाळा. तेथे मातीकामाला विद्येचा मान मिळाला होता, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

तेथे उभा असता दुकानदाराचे वाक्य पुन्हा आठवले. या आकृतींतही दोन एकसारख्या नव्हत्या. आणि म्हणूनच त्या काचेआड जपल्या होत्या. परंतु बंधूंनो, मी स्वतःला फसविणार नाही. माझ्या कुंड्या सारख्या नव्हत्या, त्या वेगळेपणामुळे नव्हे. मागणी उरकण्याच्या घाईत मी कित्येकींचे काठ वाकडे सोडले होते. वेगळेपण निराळे आणि हयगय निराळी. हा भेद मला त्या कपाटापुढे समजला. सायंकाळी घरी आलो, पण चाक बंद केले नाही.

तेव्हापासून हंगाम संपला की मी रिकाम्या हातांनी मुंबईस जातो. फोर्टातील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सिंधमधील मीरपूरखासच्या बौद्ध स्तूपावरील भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या मूर्तींत हाती कमळ घेतलेला एक उपासक आहे. त्याच्यापुढे मी नेहमी थांबतो. इतकी वर्षे टिकणारी ती भाजणी कोणा आपल्यासारख्यानेच दिली असेल. धारावीच्या कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारबंधूंची वस्ती आहे. त्यांचे आवे कापसाच्या टाकाऊ चिंध्यांवर पेटतात. जागेची त्यांना केवढी अडचण! ती पाहिली म्हणजे आपले अंगण किती मोठे धन आहे, ते कळते.

आणि ज्या स्टेशनावर आपण उतरतो, ते तरी आपण कधी पाहिले का? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत १८७८ ते १८८८ या काळात उभी राहिली. तिच्यावरील दगडी पाने, पक्षी, प्राणी आणि चेहरे यांच्या कामात त्याच कलाशाळेतील विद्यार्थ्यांचे हात आहेत. युनेस्कोने २००४ साली ती जागतिक वारशात घेतली. परंतु त्या नक्षीखाली कोरणाऱ्याचे नाव मला आढळले नाही. मीरपूरखासच्या मूर्तिकाराचेही नाव कोणास ठाऊक नाही. मग विचार आला, मी तरी माझ्या माठावर कधी नाव घातले आहे? आता प्रत्येक भांड्याच्या बुडाशी, ओले असतानाच, नावाचे आद्याक्षर आणि गावाचे नाव टोचून ठेवतो. नाव घातले की वाकडा काठ सोडण्याची लाज वाटते, हा त्यातील खरा लाभ.

घरातून आक्षेप आलाच. सौभाग्यवती म्हणतात, "एक दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडे." हिशेब खरा आहे. धाकटा मुलगा आसनगावास नोकरीला जातो. "या कामाला पुढे काय?" असे त्याने विचारले, तेव्हा मजपाशी उत्तर नव्हते. त्याला एकदा बरोबर नेले. तो चाकावर परतला, असे मी सांगणार नाही. परंतु आता रविवारी सकाळी तो माझ्याशेजारी बसून माती मळतो आणि मला प्रश्न विचारतो. पूर्वी विचारीत नसे.

संघाला माझ्या तीन विनंत्या आहेत. वर्षातून एकदा विद्यार्थ्यांची सहल या संग्रहालयांत न्यावी आणि बरोबर एक जुना कारागीर द्यावा. कारण माती कशी वळली, हे तोच सांगू शकेल. वृद्धांकडून माती, मिश्रण व भाजणी यांची माहिती लिहून घ्यावी आणि ती या स्मरणिकेतच छापावी. आणि प्रत्येकाने आपल्या भांड्यावर नाव घालावे. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१८ पासून विजेची चाके देण्याची योजना चालविली आहे. ती जरूर घ्यावीत. पण चाक विजेचे झाले तरी डोळा आपलाच लागतो.

गोरोबाकाकांनी संतांच्या मेळ्यात थापटण्याने मडकी पारखली, तेव्हा नामदेवराय कच्चे ठरले. प्रथम ते दुखावले. परंतु रुसून बसले नाहीत, गुरू शोधावयास निघाले. त्या दुपारी दुकानात माझ्याही डोक्यावर थापटणे बसले होते. आपल्या मुलांवरही ते बसेल. तेव्हा ती कोणत्या दाराशी जातील, याची तजवीज आपण आज करून ठेवावी, एवढेच मागून आपली रजा घेतो.