पाच सेकंदांचा रस्ता

फोन खणखणला की हात आपोआप खिशाकडे जातो. घरी ठीक आहे, पण गाडी चालवताना?

एक साधा हिशेब मांडू. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे सरकते, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीहूनही जास्त. आलेला निरोप वाचायला पाच सेकंद लागले, तर तुम्ही शंभराहून अधिक मीटर न बघता गेलात. तेवढ्यात समोर बैलगाडी येऊ शकते, शाळेतून सुटलेलं एखादं पोर धावत येऊ शकतं.

‘मी कानाला यंत्र लावतो, हात मोकळे असतात,’ असं पुष्कळजण सांगतात. पण हात मोकळे असले तरी मन बोलण्यात गुंतलेलंच असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, गाडी चालवताना फोन वापरणाऱ्याला अपघाताचा धोका जवळपास चौपट असतो आणि हात मोकळे ठेवल्याने तो फारसा कमी होत नाही. दुचाकीवर हेल्मेटमध्ये फोन खुपसून बोलणं तर मला सर्वांत भयंकर वाटतं.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. हातात फोन धरून गाडी चालवणं आता धोकादायक वाहनचालन ठरतं. पहिल्याच गुन्ह्याला एक ते पाच हजार रुपये दंड किंवा तुरुंगवासही होऊ शकतो.

घरच्यांनाही एक विनंती. आपलं माणूस गाडीवर आहे हे ठाऊक असेल, तर त्याला फोन करू नका. चुकून लागलाच, तर ‘पोहोचल्यावर बोलू’ म्हणून लगेच ठेवून द्या.