हजेरीपटाबाहेरचा कामगार आणि स्वयंचलित यंत्र

मनुष्यबळ नियोजनाच्या या परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात प्रथेप्रमाणे वर्षाचा आढावा अपेक्षित असतो. परंतु चाकणच्या मोटार कारखान्यांतील वेल्डिंगचे रोबो, गोदामांत यंत्राने होणारी मालाची वर्गवारी आणि विमा कचेऱ्यांतून संगणकाकडे गेलेले कारकुनी काम यांवर स्वतंत्र निबंध वाचले जाणार असल्याने येथे त्यांचा निर्देश पुरेसा आहे. उरलेला वेळ एकाच प्रश्नाला देणे उचित ठरेल, कारण यंत्रामुळे ज्यांचे काम गेले त्यांपैकी किती जण मुळात कामगार म्हणून मोजले गेले होते, हा प्रश्न या व्यवसायाने वर्षानुवर्षे टाळला आहे.

इचलकरंजीचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. तेथे 1904 मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या आश्रयाने त्या गावाची वस्त्रनगरी झाली. साध्या मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, मधून धोटा इकडून तिकडे फेकला जातो. त्याच्या पोटात बाण्याचे, म्हणजे आडवे, सूत गुंडाळलेली कांडी असते, ती काही मिनिटांतच संपते आणि दर वेळी माग थांबवून दुसरी कांडी घालावी लागते. सायझिंगमध्ये ताण्याला खळ देणारे, वहिफणीत एकेक धागा मागाच्या वही आणि फणी या भागांतून ओवून घेणारे, माग चालता ठेवणारा जॉबर, कापडाच्या घड्या घालणारे घडीवाले, हिशेब राखणारे दिवाणजी आणि या सर्वांच्या बरोबरीने अखंड कांड्या भरणारे हात, ज्यांत बायकांचा भरणा मोठा, अशी ही साखळी होती. एअरजेट मागावर धोटाच नसतो. बाण्याचा धागा सुताच्या कोनावरून थेट येऊन हवेच्या झोताबरोबर पलीकडे जातो, तोही मिनिटाला सहाशेहून अधिक वेळा, त्यामुळे कांडीची गरजच संपते. केंद्र सरकारच्या 1999 च्या तंत्रज्ञान उन्नयन निधी योजनेने कर्जावरील व्याजाचा काही भार उचलला आणि असे माग घेणे अनेकांच्या आवाक्यात आले. एकेका विणकराकडे अधिक माग आले, जॉबरला नवी विद्या शिकावी लागली, आणि जेथे नवा माग आला तेथे कांडीवालीचे काम समूळ गेले.

यंत्र रोजगार खाते की एकीकडे घटवून दुसरीकडे वाढवते, हा वाद या व्यासपीठावर अनेक अधिवेशने चालला आहे, आणि दोन्ही पक्ष आपले आकडे आस्थापनेच्या हजेरीपटावरूनच घेत आले आहेत. प्रस्तुत अध्यक्षांच्या दीर्घ व्यवसायातील एक प्रसंग या वादाचा पाया किती कच्चा आहे हे दाखवण्यास पुरेसा आहे. एका कारखान्याने साधे माग मोडीत काढण्यापूर्वी मनुष्यबळाचा आराखडा करून घेतला. दिवाणजींकडून आलेल्या यादीत विणकर, जॉबर, घडीवाले असे सर्व होते, परंतु कांडीवाल्यांची मजुरी किरकोळ खर्चात मांडली जात असल्यामुळे त्यांतील एकीचेही नाव नव्हते. त्यांच्यासाठी रकाना घालण्याचा आग्रह धरला असता, ज्यांची नेमणूकच नाही त्यांची कपात कशी दाखवणार, असे व्यवस्थापनाने विचारले, आणि मनुष्यबळावरील परिणाम नगण्य असल्याचा शेरा मारून आराखडा मंजूर झाला. पुढे त्या बायका हिशेब मागण्यास आल्या तेव्हा सासूच्या जागी सून अशा दोन पिढ्या तेथे राबलेल्या घरांनाही दाखवता येईल असा कागद कारखान्यात नव्हता. गेलेला रोजगार आधी नोंदला नसेल, तर नवा रोजगार त्याची भरपाई करतो की नाही, हे कोणत्याही पक्षाला सांगता येणार नाही.

याउलट ज्यांची नोंद होती त्यांना यंत्राशी निदान वाटाघाट करता आली. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत या योजनेविरुद्ध मुंबईचे गिरणी कामगार 1928 मध्ये सहा महिने संपावर राहिले. बँकांतील संगणकीकरणाबाबत 1983 मध्ये कर्मचारी संघटना व व्यवस्थापन यांच्यात रीतसर करार झाला. कामगारकपात घडवू शकेल अशा यांत्रिक सुधारणेपूर्वी 21 दिवसांची सूचना देण्याचे बंधन 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात आले, पण ती सूचना कोणाला द्यायची हे शेवटी हजेरीपटच ठरवत आला. 1948 च्या कारखाने कायद्याने वीज वापरणाऱ्या कारखान्याला तो लागू होण्यासाठी किमान दहा कामगारांची मर्यादा घातली, आणि एकाच छपराखालचे माग कागदोपत्री तीन-चार नावांवर वाटून ती मर्यादा चुकवली गेली, हे यंत्रमाग केंद्रांत काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याविषयी बाळगलेले मौन या व्यवसायाला शोभणारे नाही. आज देशातील संघटित कारखान्यांत ठेकेदारामार्फत आलेल्या कामगारांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास आहे. रोबो आल्यावर ठेका संपतो, पण माणूस कमी केल्याची नोंद मुख्य कारखान्याच्या दप्तरात होत नाही. कांडीवालीच्या बाबतीत घडले तेच चाकणमध्ये अधिक व्यवस्थितपणे घडू शकते.

तेव्हा आराखड्याचा आरंभ पदांच्या यादीऐवजी कामांच्या यादीपासून व्हावा, म्हणजे कारखान्यात कोणकोणती कामे होतात आणि प्रत्येक काम कोणाच्या हातून होते हे जागेवर जाऊन पाहावे, मजुरी कोणत्याही खात्यात मांडलेली असो. वस्त्रनगरीत उरलेल्या कांडी कामगारांची गणना साधे माग बंद होण्यापूर्वी हाती घेणे निकडीचे आहे. तिचा खर्च, पद्धत आणि पुढील अर्थसाहाय्य यांचा विचार कार्यसमितीने करावा. ज्या आराखड्यात हजेरीपटाबाहेरच्या कामगारांसाठी रकाना नसेल तो परिषदेच्या पुढील अधिवेशनात निबंध म्हणून स्वीकारू नये, असा ठराव अध्यक्षस्थानावरून सभेपुढे ठेवण्यात येत आहे.