रेंज गेली तरी माहिती घरात



पावसाळ्याआधी आपण डाळी, मसाला, सरपण भरून ठेवतो. मग रेंज जाणार हे ठाऊक असताना माहिती का भरून ठेवू नये?

आमच्या गटात हा विषय निघाला तो दहावीच्या मुलींमुळे. घरात चांगला मोबाइल एकच, तोही दिवसभर बापाबरोबर नाहीतर भावाबरोबर. रिचार्ज संपला की अभ्यास थांबला. मुलगी मागे पडते ती हुशारी कमी म्हणून नव्हे, हाताशी साधन नाही म्हणून.

यावर 'किविक्स' नावाचं मोफत ॲप आहे. चांगली रेंज असेल तिथं मराठी विकिपीडियाची फाइल एकदाच उतरवून घ्यायची. पुढे नेट लागत नाही. पिकं, आजार, इतिहास, विज्ञान, शब्द टाकला की पान उघडतं. सिम नसलेला जुना मोबाइलही चालतो. त्याचा हॉटस्पॉट लावून ॲपमधून फाइल खुली केली, की जवळच्या चार मोबाइलवरही तीच पानं वाचता येतात. गटाकडे थोडे पैसे असतील, तर 'रास्पबेरी पाय' हा तळहाताएवढा संगणक हेच काम करतो.

हे फुकट कसं, असं बायका विचारतात. हे 'ओपन सोर्स' आहे, म्हणजे बनवायची कृती सगळ्यांना खुली. विरजण दिल्यानं आपलं दही संपतं का? तसंच हे. गटाच्या हिशेबासाठी 'लिबरऑफिस'ही असंच मोफत आहे. तेही संगणकावर नेटशिवाय चालतं.

तीन गोष्टी मात्र लक्षात ठेवू. एक, विकिपीडिया म्हणजे डॉक्टर नव्हे. ताप, बाळंतपण, सर्पदंश असेल तर थेट दवाखाना गाठायचा. दोन, फाइल ज्या तारखेची, माहिती तिथपर्यंतचीच. म्हणून वर्षातून एकदा नवी उतरवायची आणि योजनांची मुदत ग्रामपंचायतीतच विचारायची. तीन, मेमरी कार्ड कधीही बिघडतं. हिशेबाची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवायची आणि कागदी वही सोडायची नाही.

पुढच्या बैठकीला घरात पडून असलेला एखादा मोबाइल घेऊन या, सोबत शिकणारी मुलगीही आणा. फाइल उतरवणं त्या पटकन शिकतात, मग आपल्याला शिकवतात. आणि तो मोबाइल तिच्याच हाती राहील, एवढं आपण घरात ठामपणे सांगू.