मेमरी महागली, ती कुणामुळे?
(व्याख्यानाचा संपादित अंश)



मुलासाठी संगणक घ्यायला गेलेल्या पालकाला रॅमचा भाव ऐकून पहिला संशय येतो तो दुकानदाराचा. २०२५च्या उत्तरार्धापासून हा संशय घरोघरी व्यक्त होऊ लागला. परंतु लॅमिंग्टन रस्त्यावरचा व्यापारी या व्यवहारातील अगदी शेवटचा माणूस आहे. भाव ठरविणे त्याच्या हाती नाही.

मग ते कुणाच्या हाती असते? जुलै १९९३मध्ये जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. तेथे चिप्स तयार होतच नव्हत्या! चिपवरील काळ्या आवरणासाठी लागणारे इपॉक्सी रेझिन तेथे बनत असे. मात्र या विशिष्ट रेझिनची जगाची निम्म्याहून अधिक गरज तो एकच कारखाना भागवीत होता. वार्ता येताच मेमरीचे भाव भडकले. टंचाई प्रत्यक्ष जाणवण्यापूर्वीच खरेदीदार साठे करू लागले. दुष्काळाच्या नुसत्या बातमीने धान्यबाजारात जे घडते, तेच येथे घडले.

या वेळी स्फोट नाही, भूकंप नाही. जगातील बहुतांश मेमरी तीन कंपन्या बनवितात : दक्षिण कोरियाच्या सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेची मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड संगणक-केंद्रांना एचबीएम नावाची वेगवान मेमरी लागते. तेवढ्याच क्षमतेसाठी तिला साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट सिलिकॉन खर्ची पडते, असे मायक्रॉनच सांगते. तिला दामही अधिक मिळतो. साहजिकच कारखाने तिकडे वळले आणि घरगुती ग्राहकाचा वाटा आटला. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने ‘क्रूशियल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना मेमरी विकण्याचा व्यवसाय बंद करण्याचे घोषित केले. नेमक्या त्याच दिवसांत डॉलरने नव्वद रुपयांची पातळी ओलांडली. आपली खरेदी तर डॉलरमध्ये! नवा कारखाना उभा राहण्यास वर्षे लागतात, हे वेगळे सांगायला नको.

आपण या क्षेत्रात अगदीच नवखे नव्हतो. मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४पासून चिप्स बनत होत्या. १९८९च्या आगीने ते काम कित्येक वर्षे मागे पडले.

आता साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आला आहे, तेव्हा रॅम स्वस्त होईल का, असे अनेक जण विचारतात. साणंदचे काम आहे ते बाहेरून येणाऱ्या सिलिकॉनच्या चकत्या कापून, चिप्स बांधून त्या तपासण्याचे. धोलेऱ्यात टाटा समूह चिप-निर्मितीचा कारखाना उभारीत आहे, पण त्याची आखणी मेमरीसाठी नाही. चकती जिथे घडते, भाव तिथेच ठरतो, आणि मेमरीची चकती अद्याप आपल्याकडे घडत नाही.