नोंद सर्वांसाठी, गुपित ज्याचे त्याला
(बीड जिल्ह्यातील ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेले भाषण)



काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या फलकावर शिष्यवृत्तीची यादी लावलेली मी पाहिली. मुलांच्या नावांपुढे जात व पालकांचे उत्पन्नही लिहिले होते. हेतू पारदर्शकतेचा होता. परंतु त्या फलकाजवळून मान खाली घालून जाणारी एक मुलगी अजून माझ्या स्मरणात आहे. मुख्याध्यापकांच्या नजरेस आणताच यादी काढली गेली. आज आपण ज्या नोंदवहीचा विचार करणार आहोत, तिच्यावर एकदा लिहिलेले मात्र सहसा पुसता येत नाही.

या नोंदवहीस ब्लॉकचेन म्हणतात. २००८ साली बिटकॉइनच्या आराखड्यातून ती जगापुढे आली. तिची प्रत एका दप्तरात नसून अनेक संगणकांवर असते. प्रत्येक नव्या पानावर मागील पानाची खूण असल्यामुळे जुन्या नोंदीतील खाडाखोड तत्काळ उघडकीस येते. बनावट दाखल्यांना आळा बसावा म्हणून २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे सुमारे ६५ हजार जातीच्या दाखल्यांसाठी हे तंत्र हाती घेण्यात आले.

अशा वहीत दाखला जसाच्या तसा लिहिण्याची गरज नसते. गणिताने काढलेला त्याचा ठसा लिहिला तरी पुरते. ठशावरून दाखला उलट वाचता येत नाही. तथापि एवढ्याने निर्धास्त होऊ नये. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८५ हजार होती. सर्वांची नावे व जन्मतारखा हाती असल्या, तर एकेकाचा ठसा काढून ताडून पाहणे साध्या संगणकालाही अवघड नाही. म्हणून प्रत्येक दाखल्यात एक गुप्त संख्या मिसळूनच ठसा घ्यावा.

दुसरा प्रश्न खर्चाचा. सार्वजनिक साखळीवर नोंदीगणिक शुल्क पडते. यासाठी दोन ठशांचा एक, अशा दोहोंचा पुन्हा एक, अशी वंशावळीसारखी मांडणी करतात. शेवटी एकच मूळ ठसा वहीत जातो. ६५ हजारांपैकी आपला दाखला त्यात आहे, हे सिद्ध करण्यास सोबत केवळ १६ ठसे पुरतात. शेजाऱ्याचा दाखला उघडावा लागत नाही.

तिसरे साधन शून्यज्ञान सिद्धतेचे. गोल्डवासर, मिकाली व रॅकॉफ या शास्त्रज्ञांनी ते १९८५ मध्ये मांडले. समजा, आपल्याला सारख्याच वाटणाऱ्या दोन घुंगुरमाळांचा आवाज एक शेतकरी ओळखतो. पडद्याआड आपण मनास येईल ती माळ वाजवावी व त्याने ओळखावी. वीस वेळा तो अचूक ठरला, तर केवळ नशिबाने तसे घडण्याची शक्यता दहा लाखांत एक. त्याचे ज्ञान पटले, पण त्याची खूण मात्र आपणास कळली नाही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या झीकॅश या चलनात याच तत्त्वाने रक्कम, देणारा व घेणारा झाकून व्यवहार तपासता येतो. अशी सिद्धता काही शे बाइटांत मावते व क्षणार्धात तपासली जाते. ती तयार करण्यास मात्र संगणकाला बरेच श्रम पडतात. साध्या मोबाइलवरही ते काम झटपट व्हावे, हाच या संशोधनाचा खरा कस आहे.

आपल्या जिल्ह्याला याचे महत्त्व काय? हंगामात हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीस जातात. उचलीचा हिशेब न पुसणाऱ्या वहीत आला, तर केलेली फेड कोणी नाकारू शकणार नाही. परंतु तीच वही उघडी राहिली, तर कोणते घर किती कर्जात आहे हे गावोगावच्या मुकादमांना व सावकारांना दिसेल. २०१९ मध्ये ऊसतोड भगिनींच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. तसली माहिती तर कोणाच्याही नजरेस पडता कामा नये. "उचल फिटली" एवढेच सिद्ध व्हावे, बाकी झाकलेले राहावे.

खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संमत झाला. तरीही एक गोष्ट यंत्र करू शकत नाही. मुळात खोटी लिहिलेली नोंद गणिताने खरी होत नाही. लेखणी शेवटी आपल्याच हाती आहे. म्हणून लिहिण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत : हे खरे आहे काय? आणि हे सर्वांना दिसणे आवश्यक आहे काय? दुसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर ते फलकावरही नको आणि साखळीवरही नको.