शिकलेल्या बाईचा हिशेब

मैत्रिणींनो, कामगार जितके शिकलेले तितकी देशाची वाढ टिकाऊ, असं अर्थतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे १९९१ साली शंभरातल्या ३९ बायका साक्षर होत्या, २०११ साली ६५. तरी २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत पंधरा वर्षांवरच्या शंभर बायकांपैकी २३ जणीच श्रमशक्तीत धरल्या गेल्या. २०२३-२४ मध्ये हा आकडा ४२ च्या घरात गेला खरा. पण काम करणाऱ्या दर तिघींमागे निदान एक घरच्याच शेतात-धंद्यात बिनपगारी राबते! मग तिच्या शिक्षणाचा वाढीला उपयोग होणार कसा? पाळणाघराची सक्ती ५० कामगार असतील तिथेच. वस्तीतली बारावी झालेली सून दहाजणींच्या कारखान्यात कामाला लागली, तर तिनं मूल कुठे ठेवायचं? कामगार आयुक्तांना द्यायच्या निवेदनात हे पहिलं घालू या.