दस्त्यावरच्या फुल्या



पोळा जवळ आला की आमच्या तिगावात घराघरांतून चिंचेनं घासलेल्या पितळेचा वास येतो. शेंब्या, घुंगरमाळा, घंटा सगळं ओसरीवर मांडलेलं असतं. आमच्या घरी त्या पसाऱ्यात आणखी एक वस्तू निघायची, आजोबांची भरमार बंदूक. जागलीला जाताना रानडुकरांच्या धाकानं ती सोबत असे. पीक राखायला लागणाऱ्या अशा ठासणीच्या बंदुकीचा 1959 च्या शस्त्र कायद्यातही वेगळा उल्लेख आहे.

तिच्या सागवानी दस्त्यावर पितळी फुल्या ठोकलेल्या होत्या, जुन्या पाटावर असतात तशाच. हे काम आजोबांचंच. फुली सरळ ठोकली तर वाळकं लाकूड उकलतं, म्हणून आधी सामत्यानं बारीक भोक पाडायचं, खिळ्याची लांबी दस्त्याच्या जाडीपेक्षा बरीच कमी ठेवायची आणि लाकडी मोगरीनं हलकेच बसवायची. मुठीपाशी दस्ता बारीक होतो, तिथे ते एकही फुली लावत नसत. धक्क्यानं लाकूड तडकतं ते तिथंच. चिंच मात्र दस्त्याला वर्ज्य. तिचं पाणी फुलीच्या कडेनं लाकडात उतरतं आणि हिरवा कळक धरतो. फुल्या राखेनं, कोरड्या चिंधीनंच उजळायच्या.

पुढे चित्रांत अमेरिकेतल्या लाकोटा, शायेन या मूळनिवासी लोकांच्या एकोणिसाव्या शतकातल्या बंदुका पाहिल्या आणि मी थबकलो. तोच पिवळा ठिपका, तीच ओळ! गोऱ्या व्यापाऱ्यांनी आणलेले हे पितळी खिळे मुळात पेट्यांसाठी आणि खुर्च्यांसाठी होते. या लोकांनी ते दस्त्यावर, सुरीच्या म्यानावर, कमरपट्ट्यावर जडवले. मुठीपाशी दस्ता मोडला तर ओलं कच्चं कातडं गुंडाळून शिवायचं. वाळलं की ते आवळून बसे. परक्याच्या कारखान्यातली बंदूक अशी त्यांच्या हातची होऊन जाई. मला या माणसांबद्दल फार जवळीक वाटते.

असा जुना दस्ता कुणाच्या घरी असेल, तर नव्या फुल्या ठोकून तो सजवू नका, ही माझी कळकळीची विनंती. गळालेल्या फुलीचं भोकही राहू द्या.

आजोबा गेल्यावर बंदूक जमा करावी लागली. नेण्याआधी आईनं ती पुसली. फुल्यांच्या दोन ओळींमध्ये गालाएवढी जागा मोकळी सोडलेली होती. तिथलं लाकूड काळसर, गुळगुळीत झालं होतं.